हौद राखणारा हारुन

नाशिक रोडला स्टेशनासमोरच्या एका लॉजमध्ये हारुनचे अब्बा बंब पेटवायचे. गाडीतून अवघडून उतरलेल्या प्रवाशाला बादलीभर कढत पाणी द्यायचं, एवढंच त्यांचं काम. पण ते काम त्यांनी जन्मभर असं केलं, जणू साऱ्या मुलखाची तब्येत त्यांच्याच हवाली आहे. बादली भरली की आधी स्वतःचा हात तीत बुडवून बघायचे, मगच ती प्रवाशाच्या दारात नेऊन ठेवायचे. “ज्या पाण्यात आपण हात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही,” असं ते म्हणत. घर भाड्याचं होतं आणि बंब लॉजवाल्याचा, त्यामुळे हारुनच्या वाटणीला आलं ते हे एवढंच.

हारुन आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मधल्या काळात त्याने पाण्याच्या जळक्या मोटारींच्या तारा नव्याने भरल्या, विहिरींत पंप सोडले, हॉटेलांचे पोहायचे तलाव घासले. मग गंगापूर रोडच्या पुढे, धरणाच्या बाजूला बंगल्यांच्या कॉलन्या उठल्या आणि त्या बंगल्यांतून गरम पाण्याचे टब आले. तेव्हापासून हारुन टबवाला झाला. एकाच कॉलनीत सहा टब आहेत आणि सहाही त्याच्याकडे. वारावारी स्कूटर काढायची, पुढ्यात औषधांचा डबा, मागे ब्रश आणि पाइपाचं वेटोळं.

टब घेणाऱ्यांची एक गंमत आहे. घेताना हौसेला मोल नसतं. पहिला महिनाभर पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवतात. दुसऱ्या महिन्यात पाणी हिरवं पडतं. तिसऱ्या महिन्यात झाकणावर पापड वाळत घातलेले असतात, आणि मग “कंपनीने फसवलं” म्हणून गावभर बोंब. नवं गिऱ्हाईक भेटलं की हारुन त्याला पहिल्याच दिवशी सांगतो, “साहेब, ही म्हैस बांधली आहे दारात. रोज बघावं लागेल. सणवार नाही, सुट्टी नाही.” साहेब हसतात. दोन महिन्यांनी हसत नाहीत.

आणि लोक पाण्यात काय काय घालतील याचा नेम नाही. एकाने लग्नाच्या वाढदिवसाला दूध ओतलं, वर गुलाबाच्या पाकळ्या. एका घरी मुलांनी शांपूची बाटली रिकामी केली आणि फेस भिंत ओलांडून शेजारच्यांच्या तुळशीपर्यंत गेला. हारुन रागावत नाही असं नाही. चांगलाच रागावतो, पण मनातल्या मनात, आणि तोवर पाणी सोडून द्यायला सुरुवात केलेली असते.

त्याची रीत ठरलेली. झाकण उघडलं की आधी वास घ्यायचा. मग कागदी पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायचा. क्लोरीनची पूड थेट टाकायची नाही, बादलीत विरघळवून, कडेकडेने सोडायची, आणि झाकण थोडा वेळ उघडं ठेवायचं. फिल्टर काढून त्याच्या चुण्यांमधून बारीक धारेने पाणी सोडायचं, घाई न करता, एकेक चुणी. बोअरचं पाणी जड असेल तर तापणाऱ्या भागावर क्षार धरतो, तो बघायचा. तीन महिन्यांनी सगळं पाणी बदलायचं. हे सगळं झाल्यावर हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि दोन बोटं एकमेकांवर घासून बघायची. बोटं बुळबुळली नाहीत, की काम झालं. पट्टी काहीही म्हणो, बोटांनी होकार दिल्याशिवाय तो निघत नाही.

या सहा टबांमधला एक सिंधुबाईंचा. त्या त्याला हौद म्हणतात, म्हणून हारुनही हौदच म्हणतो.

सिंधुबाई आणि सावळीराम नाना मूळचे देवळ्याचे, अहिराणी मुलखातले. नाना कांद्याचे व्यापारी. लिलावात ओरडून ओरडून आवाज कायमचा बसलेला. सिंधुबाईंचं निम्मं आयुष्य कांदा निवडण्यात गेलं. मुलगा हर्षल पुण्यात चांगल्या नोकरीला, त्याने दोघांना इथे बंगल्यात आणून ठेवलं, तोवर सिंधुबाईंचे सांधे धरले होते. बोटं वाकडी झालेली, मूठ मिटेना. निऱ्या करता येईनात म्हणून त्यांना गाऊन घालावा लागला, आणि दुखण्यापेक्षा त्या गाऊनचंच त्यांना जास्त दुःख होतं. डॉक्टरांनी सांगितलं, कोमट पाण्यात बसून हात हलवा. हर्षलने मागच्या पडवीत टब बसवून दिला.

नानांना हे अजिबात पटलं नव्हतं. “एवढ्या पाण्यात कांद्याचं रोप जगलं असतं,” असं त्यांनी येईल त्याला सांगितलं. ते टबाकडे पाठ करून खुर्ची टाकायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. पडवी सोडून आत मात्र कधी जायचे नाहीत, हे हारुनच्या लक्षात आलं होतं.

पहिल्या दिवशी सिंधुबाई पाण्याला भ्याल्या. मशीन आहे, शॉक लागला तर? हारुनने बाही सरकवली, हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवून म्हणाला, “या आक्का. मी हात काढत नाही तोवर.” त्या उतरल्या. अर्धा तास पाण्यातच बोटं हलवत राहिल्या. मग एकदम त्यांनी हात वर काढला. “दख ना भाऊ! मूठ मिटनी!” लहान मुलाने मुठीत बेदाणे लपवावेत तशी ती मूठ त्यांनी हारुनच्या तोंडासमोर धरली. घरी जाऊन त्याने हे बायकोला, गुलजारबीला, दोनदा सांगितलं. आजवर त्याने पुष्कळ पंप चालू केले होते, पण कुणाचा हात चालू केला नव्हता. गुलजारबी म्हणाली, “बास, आता चहा निवतोय.”

पाण्याबाहेर आलं की तासाभरात बोटं पुन्हा आखडायची. पण तो तासभर सिंधुबाईंचा होता. त्या तासात त्या वाती वळायच्या, लसूण सोलायच्या, एकदा तर हट्टाने नऊवारी नेसून बसल्या होत्या.

अशी तीन वर्षं गेली.

या दिवाळीत लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं. मंगळवार सिंधुबाईंचा वार, म्हणून हारुन सकाळीच येऊन हौद बघून गेला. सगळं ठीक होतं. पुढची खेप पुढच्या मंगळवारी. पण रविवारी सकाळी त्याला कॉलनीतल्या एका बंगल्यातून फोन आला. “हारुनभाई, आम्ही कळवेपर्यंत येऊ नका.” का, कशासाठी, काही नाही. पाच मिनिटांनी दुसऱ्या बंगल्यातून तेच. तेव्हा तो चहा तसाच टाकून निघाला.

कॉलनीच्या फाटकावर झुंबर वॉचमनने त्याला थांबवलं. आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला. कॉलनीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी हर्षलचा मेसेज पडला होता. ‘आमचा टब सांभाळणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे आईच्या अंगावर पुरळ उठलं आहे. डॉक्टरांच्या मते दोष पाण्याचा. सर्वांनी आपापले टब तपासून घ्यावेत.’ हारुनने तो दोनदा वाचला. नाव लिहिलेलं नव्हतं, पण सहा टबांना एकच माणूस, नाव लिहायची गरजच काय?

“तू असं करनार नाय, मला माहीतै,” झुंबर म्हणाला.

पण हारुनला स्वतःला कुठे माहीत होतं? स्कूटर उभी करून तो मंगळवार आठवू लागला. वास घेतला, पट्टी बुडवली. पूड विरघळवली का? विरघळवली असणार. असणार म्हणजे काय? गेल्या महिन्यात तो एका दुकानात किल्ली विसरला होता. त्याच्या आधी एकदा वार चुकून भलत्याच बंगल्यात गेला होता. वय कुणाला सोडतं? सणाची घाई होती, त्या दिवशी हात चुकला असेल, आणि त्याची शिक्षा त्या बाईच्या अंगावर उठली असेल. डबा आणि पाइप घेऊन तो सिंधुबाईंच्या बंगल्याकडे निघाला.

पडवीत हर्षल उभाच होता. माणूस वाईट नाही, पण आईच्या अंगावर पुरळ बघितलेला मुलगा होता. “चाचा, तुमच्यावर सोपवून आम्ही निर्धास्त होतो,” तो म्हणाला. “पाडव्याला मी सासुरवाडीला होतो. शुक्रवारी इथे आलो, शनिवारी बघतो तर पाठ, दंड, सगळं लालेलाल. आता मला हा धोकाच नको. उद्या कंपनीची माणसं टब उचलून नेतील.”

सिंधुबाई खाटेवर बसल्या होत्या, दोन्ही हात शालीखाली. त्यांनी हारुनकडे बघितलं नाही. नानांचं वर्तमानपत्र नेहमीपेक्षा जरा वर धरलेलं होतं.

“पंधरा मिनिटं द्या,” हारुन म्हणाला. “काय चुकलं ते मला बघू द्या.”

त्याने झाकण उचललं. कुबट, आंबूस वाफ तोंडावर आली. पाणी गढूळ, कडेला तपकिरी रेघ. सवयीने त्याचा हात पाण्याकडे गेला आणि वरच थांबला. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. त्याने पट्टी बुडवली. क्लोरीनच्या रकान्यात रंगाचा मागमूस नाही. म्हणजे पूड टाकायचीच राहिली? त्याने डोळे मिटून घेतले. मग मशीनकडे बघितलं तर मुख्य बटण बंद. हे बटण कधीच बंद करायचं नसतं. पाणी फिरत राहिलं, गाळलं गेलं, तरच ते जिवंत राहतं.

त्याने फिल्टर बाहेर काढला. चुण्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यात पिवळसर तपकिरी चिखल गच्च बसला होता, तेलाने चमकणारा. हारुनने नाकाजवळ नेला. नागरमोथा, कापूरकाचरी, आंबेहळद. खाली तिळाच्या तेलाचा वास.

उटणं!

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. पूड त्याने टाकली होती. त्याचा हात चुकला नव्हता. तेल आणि उटण्याने फिल्टर तुंबला, औषध सगळं त्या घाणीशी झुंजण्यात संपलं, त्यात बटण बंद, मग कोमट पाणी झाकणाखाली नासणार नाही तर काय होणार? दुसऱ्या दिवशी त्यात उतरलेल्याच्या अंगावर पुरळ उठणारच. सगळं लख्ख होतं, आणि पुरावा त्याच्या हातात होता. फिल्टर तसाच घेऊन तो वळला. तोंड उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात सिंधुबाईंनी शालीतून हात बाहेर काढले. त्या नुसत्या आपल्या वाकड्या बोटांकडे बघत बसल्या. उद्यापासून ही बोटं अशीच राहणार, एवढंच त्या बघत होत्या.

हारुन तिथेच थांबला. आईने उटणं लावून पाण्यात उतरून सगळं बिघडवलं, असं कळलं तर हर्षल काय म्हणेल? “आई, तुला हे झेपत नाही,” म्हणेल. आणि टब जाईल. दोष पाण्याचा म्हटलं, मशीनचा म्हटलं, तरी टब जाईल. टब राहायचा असेल तर दोष माणसाचाच असायला हवा, म्हणजे माणूस बदलला की भागलं. हा हिशेब करायला त्याला फार वेळ लागला नाही. पाळायला मात्र जड गेला. सहा बंगले, अकरा वर्षं, आणि ‘हारुनने केलंय ना, मग बघायला नको’ हा शब्द. तो कमवायला किती फेऱ्या घातल्या होत्या!

त्याने फिल्टर फडक्यात गुंडाळला.

“चूक माझी आहे, हर्षलभाऊ,” तो म्हणाला. “मंगळवारी सणाची गडबड होती. औषध राहिलं. टबात काही दोष नाही, तो काढू नका. दुसरा माणूस लावा. पाणी बदला, नवा फिल्टर घाला, आक्कांचं पुरळ बसलं की त्या पुन्हा उतरू शकतील. त्यांना गरज आहे त्याची.”

हर्षलला वाटलं होतं हा वाद घालेल.  “तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं, चाचा,” तो एवढंच म्हणाला, आणि त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. हारुनने डबा उचलला, पाइप खांद्यावर घातला. सिंधुबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. 

“थांब रे.”

वर्तमानपत्र खाली आलं. नाना उठले. एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्या हाताने त्यांनी सदऱ्याची बटणं सोडायला सुरुवात केली.

“नाना, काय करताय?” हर्षल म्हणाला.

नानांनी सदरा उतरवला, बंडी वर केली आणि पाठ फिरवली. पाठभर तेच पुरळ. लालेलाल.

हर्षल बघतच राहिला. “तुम्ही? तुम्ही टबमध्ये?”

“ती बोलावत व्हती,” नाना भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. “मंग काय करता?”

मग सिंधुबाईंना शब्द सापडले. पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावायचं असतं. पंचेचाळीस पाडवे त्यांनी ते केलं होतं. “मंग तीन साल व्हयनात, मना हातच चालत नव्हता,” त्या सांगू लागल्या. तीन पाडव्यांना नाना स्वतःच पाठीला हात पोचेल तिथवर तेल चोपडून मोकळे झाले होते आणि काही बोलले नव्हते. त्यांचं ते न बोलणं सिंधुबाईंना लागलं होतं. या पाडव्याला सकाळी त्या हौदात बसल्या, मूठ छान मिटली, उघडली, आणि त्यांच्या मनात आलं, बाहेर जाऊन, कपडे बदलून, पाट मांडेपर्यंत पुन्हा आखडणार, त्यापेक्षा यांनाच इथे बोलवू. उटण्याची वाटी कडेला ठेवली. नाना कुरकुरत आले. पाणी चांगलं लागतंय म्हणून उटणं धुतलं गेल्यावरही बसून राहिले.

“हारुनभाऊनी सांगेल व्हतं, तेल लावू नका म्हणून,” सिंधुबाई म्हणाल्या. “माले ठाव व्हतं. तरी बी लावलं.”

मग फेस आला. त्यांनी तो तांब्याने काढला, तर अजून आला. हर्षल येईल, बघेल, या धास्तीने त्यांनी बटणच बंद करून टाकलं. फेस बसला, पाणी नासलं.

“पण मग पुरळ एवढं कसं?” हर्षलने विचारलं. “एका दिवसाच्या अंघोळीने?”

सिंधुबाईंनी नानांकडे बघितलं. नाना बंडी खाली ओढण्यात फारच गुंतले होते.

“दुसऱ्या दिवशी बी हौदात बसाले उनात ते,” त्या हळूच म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी बी.”

हर्षलला कुठे बघावं कळेना. त्याने फडक्यातला फिल्टर हातात घेतला, उघडला, वास घेतला आणि हारुनकडे वळला. “चाचा, तुम्हाला हे उघडल्याबरोबर कळलं होतं.”

“उटण्याचा वास कुणाला कळत नाही, भाऊ?”

“मग बोलला का नाहीत?”

हारुनची नजर सिंधुबाईंच्या हातांकडे गेली. हर्षल खाटेवर आईशेजारी बसला. तिचा हात त्याने हातात घेतला, आखडलेली बोटं एकेक करून सरळ करून बघितली. “सांगायचं ना आई मला,” तो म्हणाला. “मी काय टब काढून नेला असता?” आणि मग त्याचं त्यालाच आठवलं की उद्या माणसं येणार आहेत. त्याने तिथूनच फोन लावला आणि त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

हारुनने पाइप खांद्यावरून उतरवला. पाणी सोडायला हवं होतं, कडा घासायच्या होत्या, दिवसभराचं काम होतं. तो वाकला तोच नानांचा बसका आवाज आला.

“तो ग्रुप उघड.”

“लिहितो मी नाना, गैरसमज झाला होता म्हणून,” हर्षल म्हणाला.

“गैरसमज कशाचा? मी सांगतो तसं लिही.” लिहायचं आहे म्हटल्यावर नाना एकदम शुद्ध बोलू लागले. “पाडव्याला सिंधूने मला हौदात बसवून तेल आणि उटणं लावलं. पाणी आम्ही दोघांनी नासवलं. हारुनची काहीएक चूक नाही.”

सिंधुबाईंनी मान वर केली. अठ्ठेचाळीस वर्षांत नानांनी त्यांना चारचौघांत ‘अगं’ आणि ‘हर्षलची आई’ यापलीकडे हाक मारली नव्हती.

“नानासाहेब, राहू द्या ना,” हारुन घाईने म्हणाला. “फिल्टर तुंबला होता एवढं लिहिलं तरी पुरे.”

हर्षलचा अंगठा मोबाइलवर थबकला होता. “नाना, सगळी कॉलनी वाचेल हे. ‘सिंधूने’ असंच लिहू?”

“मंग काय, शेजारणीनं लावलं असं लिहितोस?” नाना खेकसले. कानापर्यंत लाल झाले होते. “माणसाचं नाव घालवलंय तू तिथं. वाचू दे त्यांना. हसू दे. टाक.”

हर्षलने टाकलं.

हारुनला समोरचा टब दिसेनासा झाला. दोष अंगावर घेताना त्याचे डोळे कोरडे राहिले होते. आता त्याने पाठ फिरवली, चाचपडत खालची चावी शोधली आणि पाणी सोडून दिलं.